जुना ट्रक चढावर बंद पडतो, थोड्या वेळानं आपोआप सुरू होतो. डिझेलचा इंजेक्शन पंप ओव्हरहॉल करू की दुसरा बसवू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दोन्ही डिझेल फिल्टर नवे घातलेत, तरी माल भरून पंचवीस-तीस मिनिटं चालला की चढावर पिकअप जातो. पाय तळाला टेकला तरी गाडी ओढत नाही आणि शेवटी बंद पडते. दहा मिनिटं उभी केली की पहिल्या सेल्फला सुरू. मिस्त्री म्हणतो पंप गेला.

ओव्हरहॉल नको आणि दुसराही नको. टाकीचं झाकण सैल करा आणि त्याच चढावर परत न्या.

एवढं लिहून उठणार होतो. पण ‘मिस्त्री म्हणतो पंप गेला’ हे चार शब्द वाचले आणि जुनं दुखणं ठसठसायला लागलं.

आमचा ट्रक मी आणि दादा आळीपाळीनं चालवायचो. सहा सिलिंडर, इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला एकेक प्लंजर, सगळे एका ओळीत), वय माझ्यापेक्षा थोडंच कमी. एक दिवस हाच आजार सुरू झाला. सपाटीवर तक्रार नाही, रिकामा असला तर मुळीच नाही. माल भरून चढाला लागलं की आधी वरचा गिअर सोडावा लागायचा, मग खालचा, मग इंजिन दोन-तीन आचके द्यायचं आणि गप्प. काळा धूर नाही, ठोका नाही, पाणी तापलेलं नाही. दहा-बारा मिनिटं नुसतं बसून राहायचं, की गाडी अशी सुरू व्हायची जसं काही झालंच नव्हतं.

दादाचं निदान तयार होतं. ‘इंजिन गरम झालं की डिझेल पातळ होतं, झिजलेल्या पंपात आतल्या आत गळतं, डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत दाबच पोचत नाही. थंड झालं की परत धरतं. यात डोकं कसलं लावायचं?’ ऐकायला बिनतोड. आणि खरं सांगायचं तर खोटंही नाही. पंपातला प्लंजर (वरखाली होणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात फिरतो ती नळी) यांच्यामधली फट २ ते ४ मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्याशा फटीत थोडी झीज झाली की गरम, पातळ डिझेल निसटतं, हे अगदी बरोबर. पण मग आजार कसा दिसतो? बंद केलेली गरम गाडी परत सुरू होत नाही. सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं, तेव्हाच त्या गळतीला वेळ मिळतो. एकदा पेटलं की इंजिन वेगात फिरतं आणि झिजलेला पंपही कसाबसा रेटून नेतो. म्हणजे गरम असताना सुरू न होणं हा एक आजार, आणि चालता चालता डिझेलच्या उपासमारीनं मरणं हा वेगळा. दोन्हींत ‘थांबलं की बरं होतं’ एवढं सारखं आहे, आणि तेवढ्यावरच लोक पंप उतरवतात.

हे सगळं मी तेव्हाही सांगितलं होतं. उत्तर मिळालं, ‘पुस्तकातलं ट्रकला सांगू नकोस.’

एका रात्री गाडी माझ्या हातात असताना बंद पडली. दगड लावले, बॅटरी तोंडात धरली आणि फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा तो छोटा पंप) हँड प्रायमरची, म्हणजे हातानं डिझेल ओढायच्या दट्ट्याची, मूठ फिरवून सोडली. एरवी स्प्रिंगमुळे ती झटकन वर येते. त्या रात्री ती वर यायलाच तयार नव्हती. ओढून वर काढली तर हातातून परत आत जायची, जणू आतून कोणी धरून ठेवलंय. मग टाकीकडून येणाऱ्या पाइपचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) अर्धा आटा सैल केला. डिझेल बाहेर यायच्या ऐवजी ‘सुस्स’ करून हवा आत गेली. बोल्ट आवळला, प्रायमर मारून एअर काढली आणि गाडी सुरू झाली. दहा मिनिटं वाट बघावी लागली नाही, चारच मिनिटांत काम झालं.

म्हणजे पंप मेला नव्हता. फीड पंप ओढत होता, जिवाच्या आकांतानं ओढत होता, आणि टाकीकडून काही येत नव्हतं.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, हवा घेतली म्हणजे पंपच हवा धरतोय. मी पुढे वाद घातला नाही. तो मोठा, गाडीवर त्याची वर्षं माझ्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी पंप उतरवून पंपवाल्याकडे गेला. बेंचवर लावल्यावर पंपवाला म्हणाला, ‘तसा ठीक आहे, थोडा घासलाय.’ थोडा घासलेला नाही असा जुना पंप जगात असतो का? तरी उघडलाच आहे म्हणून एलिमेंट (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) बदलले, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलले. टायमिंग जुळवताना अर्धा दिवस गेला तो वेगळाच.

आणि गाडी दोन दिवस झकास चालली.

त्या दोन दिवसांवर दादा आजतागायत उभा आहे. तिसऱ्या दिवशी त्याच चढावर, त्याच वळणाच्या अलीकडे, ट्रक बंद. मी नव्हतो. तो होता. घरी आल्यावर एक शब्द बोलला नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळून घेतलेलं डिझेल. कॅन फीड पंपापेक्षा उंचावर पक्का बांधला आणि त्यातून नवी नळी सरळ फीड पंपाला. टाकी, तिचा पाइप, मधले जोड सगळे बाजूला. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली. हे विसरलात तर जादा डिझेल टाकीत परत जात राहतं, कॅन बघता बघता रिकामा होतो आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. माल तेवढाच ठेवून त्याच चढावर नेला. वरपर्यंत गेला. खाली आणून परत कॅन भरला, परत वर गेला. तेव्हा दादा शेजारी बसला होता, खिडकीबाहेर बघत.

टाकी उतरवली. ड्रेन प्लगमधून थोडं पाणी आलं, थोडा गंज, तळाला पाणी आणि डिझेलच्या मधे वाढतो तो तपकिरी शेवाळासारखा चिकट थर. यातलं काही एवढं मोठं नव्हतं. मग टाकी आडवी करून हलवली तर आतून ‘टप्’ असा आवाज. तारेच्या आकड्यानं काढलं तेव्हा हातात आली कॅनच्या तोंडावर झाकणाखाली लावलेली असते ती सीलची चकती. एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं पुठ्ठा, डिझेलमध्ये भिजून मऊ पडलेली. आणि तिच्या मधोमध सक्शन पाइपच्या तोंडाचा गोल वण, इतका स्वच्छ की नाणं दाबून उठवल्यासारखा.

आता सगळं जुळतं. माल भरून चढ लागला की इंजिन जास्त डिझेल मागतं आणि चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकतं. चकती फिरत फिरत पाइपच्या तोंडाशी येते आणि ओढीनं चिकटते. इंजिन बंद झालं तरी फीड पंपाचे व्हॉल्व्ह ती ओढ काही वेळ धरून ठेवतात. हळूहळू ती सुटते आणि चकती गळून पडते. ती दहा-बारा मिनिटं याचीच. मी बोल्ट सैल करून हवा आत सोडली तेव्हा ती लगेच पडली होती. आणि पंप उतरवला तेव्हा लाइन रात्रभर उघडी होती, चकती टाकीच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या पडद्यापलीकडे गेली असणार. तिथून परत यायला दोन दिवस लागले. हेच दादाचे ते दोन दिवस.

चकती आली कुठून, यावर आमच्याकडे बरीच वर्षं वाद चालला. रस्त्यात डिझेल संपलं तेव्हा दादानं कॅननं ओतलं होतं, सील नीट न काढता बोटानं आत ढकललं असणार, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. त्याच महिन्यात एकदा त्याच कॅननं मीही ओतलं होतं, हे मात्र इथेच पहिल्यांदा लिहितोय.

असो, तुमचा ट्रक. तुम्ही झाकण सैल करून बघा म्हटलं, कारण त्याहून सोपी तपासणी नाही. टाकीतलं डिझेल कमी होईल तेवढी हवा आत यायला झाकणाला किंवा टाकीला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की टाकीत निर्वात होतो. लक्षणं हुबेहूब तुमचीच. बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं आणि हवा आत ओढल्याचा आवाज आला, की आजार सापडला. यामुळे टाकीचा पत्रा आत बसलेला मी पाहिलाय, आणि त्या गाडीचाही पंप आधी उघडला होता.

झाकण निर्दोष ठरलं तर कॅनचा प्रयोग. कॅनवर चालला तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे, बाकी कशाला हात लावू नका. आता तिथे दोनच गोष्टी असू शकतात, अडतंय किंवा हवा घेतंय. ओळखायला फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे दिसले तर हवा. नळी चपटी होत असेल, किंवा प्रायमरची मूठ माझ्यासारखी आत ओढली जात असेल, तर अडथळा. हवेची गंमत अशी की ती जिथून आत जाते तिथून डिझेल बाहेर येतच नाही, म्हणून ओल शोधत बसाल तर सापडणार नाही. तांब्याचे वॉशर परत परत वापरलेले असतात, ते बदला. पाइप जिथे चॅसीला घासतो तिथे बोट फिरवून बघा. आणि जुन्या रबरी नळीला बाहेरून बघून विश्वास ठेवू नका. आतला थर सुटतो आणि ओढ लागली की झडपेसारखा मिटतो. काढून फुंकली तर मोकळी, बसवली की बंद. याच्याइतकी लबाड वस्तू गाडीत दुसरी नाही. नळी बदलायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो, तरी पंप उतरवल्यानंतरच माणसं नळीकडे का वळतात हे मला आजवर कळलेलं नाही.

एक हिशेब सांगतो म्हणजे पटेल. पंपाच्या पुढच्या बाजूला नोझल उघडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो आणि पंप तो देतो. फीड पंप पुढे ढकलतो एक-दीड बारनं. पण टाकीकडून ओढायला फार तर १ बार, तोही वातावरणानं दिलेला. त्यापलीकडे जगातला कुठलाच पंप ओढू शकत नाही. म्हणजे साखळीतली सगळ्यात अशक्त कडी टाकीपासून फीड पंपापर्यंतची. आणि २००० आरपीएमला सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० वेळा डिझेल फवारतं. बॉशनं १९२७ मध्ये इनलाइन पंप कारखान्यातून मालिकेनं काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ही कडी बदललेली नाही.

कॅनवरही बंद पडला तर फीड पंपाच्या तोंडाची जाळी, त्याचे दोन व्हॉल्व्ह, मग रिटर्नचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग ढिली पडली की पंपात दाब टिकत नाही आणि नेमकं लोडवरच रडगाणं सुरू होतं. नवे फिल्टर घातलेत म्हणता, ते बसवल्यावर एअर नीट काढली का? एअर काढायच्या स्क्रूतून फेस थांबून सलग धार येईपर्यंत.

कोणीतरी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा सल्ला देईल. तपासणीपुरता लावा हवा तर. लाइनीत दाब आला की हवा घेणारा जोड डिझेल गाळायला लागतो आणि आपोआप दिसतो. कायमचा लावाल तर दुखणं झाकलं जाईल, एवढंच.

आता जे आधीच लिहायला हवं होतं ते. हे सगळं जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीसाठी आहे. कॉमन रेल (संगणकावर चालणारी नवी डिझेल पद्धत) असेल तर पंपाच्या पुढचा एकही जोड सैल करू नका, तिथे दाब हजार बारच्या वर जातो. यांत्रिक गाडीतही नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, कातडी फोडून डिझेल आत जातं आणि ते थेट शस्त्रक्रियेपर्यंत नेतं. ट्रक पेट्रोलचा असेल तर कॅनचा प्रयोग विसरा, आग लागेल. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण फिल्टरवर साकळतं, तेव्हा यातलं बरंच काही लागू नाही. आणि तुमचा पंप रोटरी (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) असेल आणि बंद केलेली गरम गाडी परत घेत नसेल, तर पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांनी सेल्फ मारा. त्यावर सुरू झाली तर दादा बरोबर, पंप उतरवा.