हिब्रू धर्मग्रंथातली यात्रेची गाणी कोणती? त्यांत यात्रेला एवढं महत्त्व का?

स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘आरोहणाचे गीत’ असं लिहिलेलं आहे. वल्हांडण (मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा सण), सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण, या ज्यूंच्या तीन सणांना देव निवडेल त्या ठिकाणी जाण्याची आज्ञा ‘अनुवाद’ (Deuteronomy) या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे; ते ठिकाण म्हणजे पुढे यरुशलेम (जेरुसलेम), जिथे ज्यूंचं मंदिर होतं. रिकाम्या हातानं येऊ नये, असंही तिथेच सांगितलंय. त्या वाटेवर ही गीतं गात असत, असं अनेक अभ्यासक मानतात. यरीहो (जेरिको) हे गाव समुद्रसपाटीच्याही खाली आणि यरुशलेम साधारण 750 मीटर उंचीवर, म्हणजे त्या बाजूनं येणाऱ्याला खरोखरच मोठा चढ!

मला सगळ्यात भिडतं ते हे, की सुरुवात देवळात होत नाही. 120वं स्तोत्र परक्या, भांडखोर लोकांत अडकलेल्या माणसाचं आहे. 121मध्ये तो डोंगरांकडे पाहून मदत कुठून येईल, असं विचारतो. 122मध्ये पाय यरुशलेमच्या वेशीत पोचलेत. पण पुढे 130मध्ये पुन्हा खोल गर्तेतून हाक आहेच. पोचलं की दुःख संपलं, असा भाबडा हिशोब इथे नाही, म्हणूनच ही गीतं मला खरी वाटतात.

इ.स. 70मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, तरी यात्रेची ओढ प्रार्थनेत टिकली. वल्हांडणाच्या रात्रीचा विधी आजही ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ असं म्हणून संपतो. वाचायला 84वं स्तोत्रही घ्या. ते या पंधरांत नाही, पण ज्याच्या मनातच यात्रेची वाट आहे तो धन्य, असं त्यात म्हटलंय.