खोल समुद्रातल्या माशांवर काम करायचंय म्हणतेस ना, मग आधी हे वाच

अगं,

तुझं पत्र मिळालं आणि खोल समुद्रातल्या माशांवर काम करायचं तुझं नक्की झालंय हे वाचून फार बरं वाटलं. पत्रात तू एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलायस, की एवढ्या प्रेशरखाली हे मासे टिकतात कसे, चिरडून कसे जात नाहीत, त्यांच्यात असं काय जबरदस्त असतं. प्रश्न चांगला आहे पण तो थोडा बदलून घे असं मला वाटतं, कारण असा विचारलास की उत्तरात प्रत्येक वेळी एक "सुपरफिश" निघतो आणि तसा मासा तिथे नाहीये. तू असं विचार, की या माशाने तिथे राहण्यासाठी काय मिळवलं आणि त्याच्या बदल्यात काय गमावलं. तुला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य असं हेच आहे, बाकीचं पत्र म्हणजे त्याचीच उदाहरणं.

आधी चिरडण्याचं बघू. दर 10 मीटर खाली गेलं की साधारण एक वातावरण एवढं, म्हणजे समुद्रसपाटीला हवेचं असतं तेवढं, प्रेशर वाढतं, म्हणजे 8000 मीटरवर जवळपास 800 पट, नखाएवढ्या जागेवर आठशे किलोच्या आसपास भार. ऐकायला भयंकर आहे, पण चिरडायला आत पोकळी लागते, हवा लागते. माशाच्या अंगात बहुतेक पाणीच, आणि पाणी फारसं दाबलं जात नाही, जेवढं प्रेशर बाहेर तेवढंच आत, त्यामुळे त्या दृष्टीने त्याला काहीच होत नाही. अडचण होते ती गॅस भरलेल्या अवयवांची, आणि म्हणूनच सगळ्यात खोल राहणाऱ्या माशांनी स्विम ब्लॅडर, म्हणजे तरंगायची हवेची पिशवी, सोडूनच दिलाय, तरंगायला ते अंगातली जेली आणि चरबी वापरतात.

मग खरा त्रास कुठे होतो? रेणूंच्या पातळीवर, आणि तुझा खरा अभ्यास तिथेच सुरू होणार आहे. एन्झाइम काम करताना आकार बदलतं, उघडतं, मिटतं, आणि त्या बदलात त्याला किंचित जास्त जागा लागत असेल तर प्रेशर त्याला ती जागा देत नाही. प्रोटीनच्या घडीत पाणी घुसायला लागतं, पेशीच्या आवरणातली चरबी घट्ट होत जाते, नसांमधले सिग्नल, स्नायूंचं आकुंचन सगळंच अडखळतं. उथळ पाण्यातला मासा खूप खाली नेला तर तो चिरडून मरत नाही, त्याची आतली यंत्रणा जॅम होऊन मरतो.

1978 साली सिबेनॅलर आणि सोमेरो या शास्त्रज्ञांनी एक काम केलं, ते तू शोधून वाचच. त्यांनी एकाच वंशातले दोन मासे घेतले, एक उथळ भागात राहणारा, दुसरा जास्त खोल राहणारा, आणि दोघांच्या स्नायूतलं लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम प्रेशरखाली तपासलं. खोल राहणाऱ्याचं एन्झाइम प्रेशरने फारसं बिघडत नव्हतं, उथळवाल्याचं बिघडत होतं. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच आहे, पण पुढचं बघ, ते प्रेशरला न डगमगणारं एन्झाइम मुळात कामाला हळू होतं! म्हणजे स्थिरता घेतली आणि वेग दिला. जवळच्या नात्यातले दोन जीव घ्यायचे, एकच गोष्ट मोजायची, आणि फायद्याबरोबर तोटाही लिहायचा, ही पद्धत मला आजही कुठल्याही भारी कॅमेऱ्यापेक्षा मोलाची वाटते.

चरबीचं उदाहरण अलीकडचं आहे आणि माशाचं नाही, कोंब जेलीचं (comb jelly, जेलीफिशसारखा दिसणारा एक मऊ पारदर्शक जीव) आहे, तरी सांगतो. 2024 मधे असं दाखवलं गेलं की खोल राहणाऱ्या कोंब जेलींच्या पेशींच्या आवरणात प्लास्मालोजेन नावाचे लिपिड भरपूर असतात, ज्यांचा आकार खालच्या प्रेशरमधेच बरोबर बसतो. वर आणलं की प्रेशर जातं, आवरणाचा आकार बिघडतो आणि ते जीव अक्षरशः विरघळल्यासारखे होतात. म्हणजे त्यांच्यासाठी प्रेशर हे संकट नाहीच, शरीर एकसंध राहायला ते लागतंच. आता सांग, टोकाची परिस्थिती नक्की कोणाची, त्यांची की आपली?

आता टीएमएओ. पूर्ण नाव ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, समुद्री माशाचा जो वास येतो तो मासा मेल्यावर हाच रेणू मोडून येतो. हा रेणू प्रोटीनची घडी सांभाळतो, आणि जसजसं खोल जावं तसं माशांच्या स्नायूत त्याचं प्रमाण वाढत जातं. पण तो वाढला की अंगातल्या द्रवात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण वाढतं. वरच्या नेहमीच्या माशाच्या अंगातला द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच पातळ असतो, खोल जाताजाता तो समुद्राच्या बरोबरीला येतो, आणि त्याच्याही पुढे गेलं तर पाणीच आत घुसायला लागेल, मिठाचं सगळं गणित उलटं फिरेल. पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी 2014 मधे हा हिशोब मांडून सांगितलं की माशांची मर्यादा 8000 ते 8200 मीटरच्या आसपास असावी. पुढे 2022 मधे जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत 8336 मीटरवर एक स्नेलफिश कॅमेऱ्यात आला आणि जपान गर्तेत 8022 मीटरवरून दोन पकडलेही गेले. समुद्राचा तळ जवळपास 10900 मीटरपर्यंत जातो हे लक्षात घे, आणि तरी मासे यान्सींच्या त्या 8200 च्या आकड्याच्या एवढ्या जवळ थांबलेत! कागदावर केलेला हिशोब समुद्रात एवढा जवळ उतरतो तेव्हा मला अजूनही अंगावर काटा येतो. पण एवढ्यावर खूश होऊन थांबू नकोस, कारण 2025 मधे खोल माशांच्या जीनोमचा एक मोठा अभ्यास आला आणि त्यात 6000 मीटरच्या खाली टीएमएओ तसं वाढत गेलेलं दिसलं नाही, उलट बऱ्याच वेगवेगळ्या खोल माशांत एकाच जनुकात एकसारखा बदल सापडला. म्हणजे विषय अजून उघडा आहे, आणि तू यायला अगदी योग्य वेळ आहे.

या स्नेलफिशबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण तो मला फार आवडतो. मारियाना गर्तेतला जो आहे त्याचं शास्त्रीय वर्णन 2017 मधे झालं, नाव स्यूडोलिपॅरिस स्वायरी. सगळ्यात खोल मासा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर दातेरी राक्षस येतो, आणि हा कसा, तर फिकट गुलाबी, वीतभर लांब, खवले नाहीत, कातडी इतकी पातळ की आतलं लिव्हर बाहेरून दिसतं, कातडीखाली जेलीचा थर, शेपटी रिबिनीसारखी निमुळती. लँडर नावाचं यंत्र वजन बांधून नुसतं तळाला सोडतात, त्यावर कॅमेरा आणि समोर आमिषाला एक मासा बांधलेला. आधी अँफिपॉड येतात, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले छोटे जीव, झुंडीने त्या आमिषावर तुटून पडतात, आणि थोड्या वेळाने हे स्नेलफिश येतात ते आमिष खायला नाही, त्या अँफिपॉडना खायला. तोंड पुढे करून एकदम पाणी ओढतात, अँफिपॉड आत, आणि घशातल्या दुसऱ्या जबड्याने तो चिरडला जातो. बाकी कोणी मोठा शिकारी तिथवर पोचत नाही, खाणं भरपूर, त्यामुळे हा गडी तिथे चांगला गुटगुटीत असतो. 2019 मधे त्याचा जीनोम वाचला तेव्हा दिसलं की हाडात कॅल्शियम बसवण्याशी संबंधित एक जनुक मोडलेलं आहे, हाडं अर्धवट मऊच राहतात, कवटीसुद्धा पूर्ण बंद होत नाही. प्रकाश ओळखणारी बरीच जनुकंही हरवलीत. प्रेशरशी लढायला चिलखत वगैरे काही नाही, उलट होतं तेही सोडून दिलंय.

प्रकाशाकडे येऊ. साधारण 200 मीटरच्या खाली उजेड अंधुक होतो आणि 1000 मीटरच्या खाली सूर्याचा उजेड नाहीच. खोल मासे सुस्त असतात, ऑक्सिजन कमी वापरतात, हे खूप आधी लक्षात आलं होतं, आणि सगळ्यांना वाटायचं की थंडीमुळे किंवा खाणं कमी म्हणून. जेम्स चिल्ड्रेस यांनी वेगळंच सुचवलं, की अंधारात कोणी लांबून दिसतच नाही मग पळून जाणं, पाठलाग करणं याची गरज संपते, दमदार स्नायू बाळगायची गरज संपते. आणि पुरावा बघ किती छान, डोळे वापरणाऱ्या प्राण्यांत, म्हणजे मासे, कोळंबी, स्क्विड यांच्यात खोलीबरोबर चयापचय उतरतो, पण जेलीफिशसारख्या न बघणाऱ्या जीवांत तसा उतरत नाही. थंडी आणि उपासमार तर दोघांनाही सारखीच आहे ना! दोन कारणं एकत्र गुंतलेली असतील तर ती सुटी कशी करायची हे यातून शिक.

उजेडाचे बाकीचे किस्से भरपूर आहेत, पटकन सांगतो. बहुतेक खोल माशांना फक्त निळसर उजेड दिसतो, पण मॅलाकोस्टियस नावाचा मासा डोळ्याखालच्या अवयवातून लाल उजेड सोडतो आणि तो बघायला डोळ्यात क्लोरोफिलपासून बनलेला रेणू वापरतो, स्वतःचा टॉर्च जो दुसऱ्यांना दिसतच नाही. सिल्व्हर स्पायनीफिन माशात मंद उजेड टिपणारी 38 रोडॉप्सिन जनुकं सापडली, 2019 मधे, आपल्याकडे एकच असतं. आणि 2020 मधे कॅरन ऑसबॉर्न आणि सहकाऱ्यांनी 16 जातींचे असे काळे मासे दाखवले की ते अंगावर पडलेल्या उजेडातला अर्धा टक्कासुद्धा परत पाठवत नाहीत, रंगद्रव्याच्या कणांचा आकार आणि गर्दीच अशी की उजेड कणांमधल्या कणांत फिरत शोषला जातो. खाली बरेच जीव स्वतःचे दिवे पेटवतात आणि काही त्या उजेडात शिकारही शोधतात, तिथे एवढं काळं असण्याचा उपयोग तुझा तुलाच कळेल.

घेण्यादेण्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण मात्र अँगलरफिशचं. काही जातींत इवलासा नर मादीला चावतो आणि तिथेच कायमचा जोडला जातो, कातडी एक, रक्तवाहिन्या एक. एवढ्या मोठ्या अंधारात जोडीदार परत भेटेल याची खात्री नाही, म्हणून मिळाला की सोडायचा नाही. पण दुसऱ्याचं शरीर आपल्या शरीराने स्वीकारायचं म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने गप्प बसायला हवं, आणि 2020 मधे दिसलं की कायमचे जोडले जाणाऱ्या जातींत अँटिबॉडी बनवण्याशी आणि टी पेशींशी संबंधित महत्त्वाची जनुकंच गेलीत. आपल्याला असं झालं तर साध्या इन्फेक्शनने जीव जाईल. मग हे मासे रोगांपासून वाचतात कसे? याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही, तुला पीएचडीचा विषय हवा असेल तर हा वहीत लिहून ठेव.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, वर आणलेल्या माशाच्या फोटोवरून त्याच्याबद्दल मत बनवू नकोस. ब्लॉबफिशला 2013 मधे जगातला सगळ्यात कुरूप प्राणी म्हणून मतं मिळाली, तो लोळागोळा झालेला फोटो तूही बघितला असशील. तो मासा 600 ते 1200 मीटरवर राहतो आणि तिथे तो साधा नीटनेटका मासा दिसतो, फोटोतलं ते रूप वर ओढून आणल्यामुळे झालेल्या हालांचं आहे. तू लिहिशील, बोलशील तेव्हा या जीवांना राक्षस, भुतं, एलियन म्हणू नकोस, ज्याला आपण विचित्र ठरवून मोकळे होतो त्याच्याबद्दल पुढे प्रश्नच विचारत नाही.

पुराव्याचंही तसंच. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने 1841 मधे एजियन समुद्राचा तळ खरवडून बघितला, खाली जाताना जीव कमी होत गेले, आणि त्याने अंदाज बांधला की साधारण 550 मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. माणूस मेहनती होता, पण एजियनचा तळ मुळातच जीवांच्या बाबतीत गरीब आहे आणि त्याचं जाळंही त्या कामाला अपुरं होतं, पुढे चॅलेंजर जहाजाच्या 1872 ते 1876 च्या मोहिमेने तर खोल पाण्यातून जीवांचा ढीग वर आणला. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे 1960 मधे त्रिएस्त नावाच्या खोल पाण्यातल्या यानातून चॅलेंजर डीपच्या, म्हणजे मारियाना गर्तेतल्या समुद्राच्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला गेलेल्या पिकार आणि वॉल्श यांना तिथे चपटा मासा दिसल्याचं सांगितलं गेलं. आज जे माहितीये त्यावरून एवढ्या खोल मासा असणं जवळपास अशक्य वाटतं, तो बहुधा समुद्रकाकडीसारखा दुसराच जीव असावा. त्यामुळे "नाही" म्हणताना जाळं कसलं होतं ते विचारायचं आणि "आहे" म्हणताना फोटो किंवा नमुना कुठेय ते विचारायचं.

आता अभ्यासाचं. पाणबुडीत बसायचं स्वप्न आहे ते राहू दे, पण या विषयातलं बरंचसं काम फ्रीजरमधल्या स्नायूच्या तुकड्यांवर, जीनोमच्या फायलींवर आणि तासन्‌तास व्हिडिओ बघून खुणा करण्यात होतं, त्यात मन रमतंय का ते आधी बघ. बायोकेमिस्ट्री पक्की कर, विशेषतः थर्मोडायनॅमिक्स, मुलं ते टाळतात आणि पुढे प्रेशरचा एकही पेपर धड कळत नाही. स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग लागेलच. खूप माशांची नावं पाठ करण्यापेक्षा एक मासा घे, त्याचा उथळ पाण्यातला नातेवाईक शोध, आणि एका कागदावर दोन रकाने कर, एकात खोल गेल्यावर काय मिळालं, दुसऱ्यात काय गेलं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर अजून वाचायचंय असं समज.

स्नेलफिशपासून सुरू केलंस तर सोपं जाईल, कारण त्याचे काही नातेवाईक अगदी किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहतात आणि दोन्हीकडची माहिती मिळते. कागद झाला की फोटो काढून मला पाठव, अर्धवट असला तरी चालेल, मग 1978 चा तो पेपर आपण एकदा फोनवर ओळीने वाचू.

तुझा,
सर