मे महिन्यात अंकोरवाट? जा, पण दुपार हॉटेलात झोपून काढा

प्रश्न : आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. मुलाला (वय १०) सुट्टी मे महिन्यातच, म्हणून तेव्हा कंबोडियाला अंकोरवाट बघायला जायचं म्हणतोय. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, गुडघे दुखतात. सगळे म्हणतात उन्हात मराल. सांगलीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिथलं ऊन काय करणार हो? आणि पास किती दिवसांचा घेऊ?

उत्तर : ताई, आकडा बघाल तर फार फरक नाही, पण आपलं ऊन कोरडं, घाम येतो आणि वाळतो. तिथे मे महिन्यात हवेत एवढा दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो आणि अंग काही थंड होत नाही. त्यात सगळा दगड, दुपारी तो खालून भाजतो. एप्रिल सगळ्यात वाईट, मे अखेरीला पावसाच्या सरी सुरू होतात, म्हणजे जमलं तर शेवटचा आठवडा धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण शाळा ऐकत नाही हे मला माहितीये.

अंकोरवाट पहाटे ५ ला उघडतं. सूर्योदयाच्या फोटोसाठी तळ्याकाठी जी झुंबड उडते तिच्यात शिरू नका, सरळ आत चला. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी पश्चिमेची ओवरी सावलीत असते आणि कुरुक्षेत्राचं युद्ध नेमकं तिथेच कोरलंय, रथ, हत्ती, शरपंजरी भीष्म सगळं. मग सावकाश पूर्वेच्या ओवरीत या. तिथे समुद्रमंथन, जवळजवळ ५० मीटर लांब! एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, वासुकी धरून ओढतायत, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि घुसळणीच्या जवळचे मासे चक्क मधून तुटलेले दाखवलेत. पोराला ते मासे शोधायला लावा, अर्धा तास निवांत.

आता मुख्य गोष्ट. पश्चिमेच्या वाटेवर खंदकाचा पूल धरून अर्धा किलोमीटरच्या वर चालावं लागतं आणि सावली जवळजवळ शून्य. पहाटे ठीक, पण ९ वाजता सासूबाईंना त्याच वाटेने परत आणू नका. टुकटुकवाल्याला आधीच पूर्वेच्या दाराशी थांबायला सांगा, ती वाट झाडीतून जाते. १० च्या आत हॉटेल, जेवण, झोप, मग साडेतीन-चारनंतर दुसरं एखादं देऊळ.

वरच्या मजल्याचा जिना एकदम उभा आहे, सासूबाईंनी नादच सोडावा. १२ वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडतच नाहीत, म्हणजे आजी-नातू खाली गप्पा मारतील, तुम्ही दोघं आळीपाळीने जाऊन या. सासूबाईंसाठी बांते स्राय हे देऊळ बघा, सन ९६७ चं, गुलाबी दगडाचं, छोटं आणि जमिनीलगत. नक्षी तर अशी की अंकोरवाटसुद्धा फिकं वाटतं, हे माझं मत.

पास ३ दिवसांचाच घ्या, ६२ डॉलर. तो १० दिवसांत कधीही वापरता येतो, मध्ये एक दिवस आराम घातला तरी चालतं. एका दिवसाचा ३७ ला आहे, पण तो घेतला की पैसे वसूल करायच्या नादात माणूस भर दुपारी फिरतो. मुलाला तिकीट नाही, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, शहाळी तिथे मिळतातच. सासूबाईंना बीपीची गोळी असेल तर ओआरएसचं आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : उन्हामुळे शॉर्ट्स, स्लीव्हलेस चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, वरच्या मजल्यावर तर खांद्यावर नुसती ओढणी टाकून भागत नाही, परत पाठवतात. सैल सुती फुल शर्ट घाला, उन्हापासूनही तोच बरा. साडी अर्थातच चालते, फक्त पायऱ्यांवर जपून.