'हाकलणे' म्हणजे नक्की काय? माणसांसाठी वापरला तर अपमान होतो का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "पोरांना हाकललं एकदाचं शाळेत." तुमचं माहेर हिंदी बोलणारं, म्हणून ते तुम्हाला 'भगा दिया'सारखं ऐकू आलं. त्या पोरांवर चिडल्या होत्या का, आणि माणसांसाठी हा शब्द वापरावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

चिडल्या नव्हत्या. त्यांच्या वाक्यातला 'शाळेत' हा शब्द परत वाचा. 'शाळेत हाकललं' म्हणजे डबा, दप्तर, मोजा सापडत नाही, रिक्षावाला खाली उभा, आणि शेवटी दार लागल्यावर सुटलेला श्वास. 'शाळेतून हाकललं' म्हणजे नाव कापलं, घराची मान खाली गेली. कुठे हाकललं ते सांगितलं की शब्दातली धार जाते. 'अंघोळीला हाकललं', 'झोपायला हाकललं' हे आमच्या घरात रोज चालतं. कुठून हाकललं एवढंच सांगितलं, की लागतं.

याचं कारण शब्दाच्या पोटात आहे. मुळात आहे 'हाक'. हाक घालून जनावर चालवायचं ते हाकणं, आणि त्याच्या शेजारचंच हाकलणं. बैलगाडी हाकतात, पण उभ्या पिकात शिरलेले बैल हाकलतात. हाकणाऱ्याला कुठे जायचं ते ठाऊक असतं आणि तो स्वतःही बरोबर जातो, म्हणून संसार हाकतात, कारभार हाकतात. हाकलणारा जागचा हलत नाही. समोरच्यानं इथून जावं, कुठेही जावं, एवढंच त्याला हवं असतं. 'शाळेत हाकललं'मध्ये जायची जागा ठरलेली असते, म्हणून ते पुन्हा हाकण्याजवळ येतं.

रामबागेत आमच्या आजीच्या गच्चीवर एप्रिलमध्ये जुन्या धोतरावर कुरडया वाळत पडायच्या. मला काठी देऊन जिन्याच्या सावलीत बसवायची. काठीच्या टोकाला छत्रीचं काळं कापड बांधलेलं. मी नुसती काठी हलवायचे. कावळा दोन पावलं सरकायचा आणि पुन्हा यायचा. खालून आजी ओरडायची, "अगं, काठी काय हलवतेस, तोंडानं हाकल!" मग मी "हाऽऽ" करायचे आणि तो उडायचा. आवाजाशिवाय हाकलणं होत नाही, हे मला तिथे कळलं.

शेजारचे शब्द थोडक्यात सांगते. हुसकावणं म्हणजे ठाण मांडून बसलेल्याला उठवणं: वळचणीतली कबुतरं, गच्चीतली माकडं, रस्त्याकडेचे ठेलेवाले. पिटाळणं म्हणजे कामाला धाडणं, "मला भर उन्हात दही आणायला पिटाळलं." सासूबाईंच्या वाक्यात हाही चालला असता. वर्तमानपत्रात 'पक्षातून हकालपट्टी' वाचता, त्यात 'हकालणे' हे रूप टिकून आहे. बोलताना ते क्वचितच ऐकू येतं. कायद्याचा शब्द तर गावागणिक बदलतो. महाराष्ट्रात गुंडाला तडीपार करतात, आपल्याकडे मध्य प्रदेशात जिलाबदर, आणि इंदूरची मराठी माणसं मराठी बोलतानाही 'जिलाबदर केलं' असंच म्हणतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, आदेशावर तोच शब्द असतो.

'वाळीत टाकणे' मात्र यांच्यात मिसळू नका. तो शब्द कुरडया वाळण्यातला नाही. जुन्या मराठीत वाळणं म्हणजे त्यागणं. वाळीत टाकलेला माणूस गावातच राहतो, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्या घरच्या लग्नाला जात नाही. हाकलण्यात आरडाओरडा, वाळीत टाकण्यात शांतता. महाराष्ट्रात याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बोलताना आणखी एक ऐका. जनावरांना बहुतेक 'ला' लागत नाही: कावळे हाकलले, गुरं हाकलली. माणसाला लागतो: त्याला हाकललं, पोरांना हाकललं. भाषेनं तेवढा मान राखलाय. तरीही दारात आलेल्या परक्या माणसाबद्दल 'हाकल त्याला' म्हणू नका. 'जायला सांग' म्हणा. ज्याला घरात कायमची जागा आहे त्यालाच हा शब्द लाडानं लावता येतो. पाहुण्या मावशीनं निघताना "हाकलताय होय मला?" म्हणावं आणि आपण तिच्या हातातली पिशवी काढून घ्यावी, हे ठीक.

मी इथे कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देते, २२ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एक मराठी बाई आल्या, सासरहून. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ आहे, बाईला राहत्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. त्या कायद्याखाली अर्ज करायचा होता. अर्ज हिंदीत. मी टाइप केलं, 'घर से निकाल दिया', आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं, "घरातून काढलं."

त्या म्हणाल्या, "काढलं नाही हो ताई. हाकललं. जिन्यात उभं राहून ओरडत होते, खालच्या मजल्यावरचे सगळे बाहेर आले."

हिंदीत मला एक शब्द मिळेना. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'सीढ़ियों पर चिल्लाकर, पड़ोसियों के सामने घर से निकाला'. खाली त्या शेजाऱ्यांची नावं साक्षीदार म्हणून घातली.