वाचकांचे प्रश्न : खोट्या तिकिटापायी गेलेले पैसे

गेल्या अंकात ऑनलाइन फसवणुकीविषयी दोन ओळी काय छापल्या, इंदूरच्या वाचकांची पत्रे एकामागून एक आली. बहुतेकांची तक्रार तिकिटांचीच आहे. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी निवृत्त असून लोकमान्य नगरात राहतो. धाकटी बहीण आणि तिचे यजमान यांच्यासह केदारनाथला जायचे ठरले. गुडघ्यांमुळे चढण झेपणारी नव्हती, म्हणून केदारनाथच्या वाटेवरील फाटा या गावाहून हेलिकॉप्टरने जावे असा विचार केला. मोबाइलवर शोधल्यावर जे संकेतस्थळ सर्वांत वर आले, त्यावरील क्रमांकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून चार तिकिटांचे २४,८०० रुपये यूपीआयने पाठवले. तासाभरात तिकिटांची पीडीएफ आली. मग विम्याची अनामत म्हणून ३१,२०० आणि तिकिटे पक्की करण्यासाठी ३०,००० मागितले, तेही दिले. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा यजमानांना संशय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर तक्रार केली आणि ६१,२०० रुपये होल्ड झाल्याचे कळले. याला तीन आठवडे झाले. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाणे सायबर सेलकडे पाठवते. सायबर सेल म्हणतो, काम सुरू आहे. पैसे सापडले आहेत, तर आमच्या खात्यात का येत नाहीत?

उत्तर : ताई, आपले पैसे सापडले आहेत, पण ते अजून परक्या माणसाच्या खात्यात आहेत. १९३० वर नोंदलेली तक्रार केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेतून थेट संबंधित बँकेकडे जाते. रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती तिथेच रोखली जाते, आणि पुढच्या खात्यात सरकली असेल तर तक्रारही तिच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. ही खाती बहुधा कमिशनवर वापरायला दिलेली असतात आणि त्यांतून पैसे काही तासांत दोन-तीन ठिकाणी फिरवून एटीएममधून काढले जातात. आपले पहिले २४,८०० रुपये त्याच वाटेने गेले असावेत; नंतरचे दोन हप्ते मात्र तक्रार पोहोचेपर्यंत खात्यात होते. रोखलेली रक्कम आपलीच आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या बँकेला नाही. लहान रकमांबाबत प्रक्रिया आता काहीशी सुटसुटीत होत असली, तरी एवढ्या रकमेसाठी न्यायालयाचा आदेश मिळवण्याच्याच तयारीने चालावे.

त्यासाठी आधी एका गोष्टीचा छडा लावा : आपल्या तक्रारीवरून प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदला गेला आहे की प्रकरण अजून ऑनलाइन तक्रारीच्या पातळीवरच आहे? अनेकांना १९३० वरून आलेला पावती क्रमांक म्हणजेच एफआयआर वाटतो आणि ते महिनोन्‌महिने वाट पाहत राहतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. तेव्हा ‘हे आमच्या हद्दीतले नाही’ असे सांगून आपल्याला परत पाठवता येत नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. इंदूरला पोलीस आयुक्तालय असल्याने तो आपल्या विभागाच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे द्यावा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

रोखलेली रक्कम आपल्या ताब्यात मिळावी यासाठीचा अर्ज याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम ४५७ मध्ये होती. न्यायालय पोलिसांचा अभिप्राय मागवते, म्हणून तपास अधिकाऱ्याला आधी भेटून रक्कम कोणत्या बँकेत आणि कोणत्या व्यवहारापोटी रोखली आहे याची नोंद त्याच्या कागदांत असल्याची खात्री करून घ्यावी. अर्जाला तक्रारीची प्रत, बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा, ओळखपत्र आणि तिन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेले ओळखक्रमांक, जोडावेत. रकमेवर पुढे दुसऱ्या कोणाचा हक्क ठरल्यास ती परत करीन, असे बंधपत्र न्यायालय बहुधा लिहून घेते; त्याला घाबरण्याचे कारण नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रार आपल्या नावावर असल्याने हा लाभ आपल्याला घेता येईल. जवळ आलेल्या लोक अदालतीत असे अर्ज घेतले जाणार आहेत का, याचीही तिथेच चौकशी करावी.

एक व्यवहारातली गोष्ट. अर्ज हिंदीत लिहा. आपल्या पत्रासारखा नेटका मराठी अर्ज सायबर सेलच्या टेबलावर तसाच पडून राहतो, किंवा समोर बसवून पुन्हा लिहून घेतला जातो. तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर आणि पैसे ज्या यूपीआय पत्त्यावर गेले तो पत्ता, एवढे एका पानात मावले पाहिजे. यात्रेचा बेत कसा ठरला हे त्यात नसले तरी चालते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे मात्र पुसू नका. आपण सोबत पाठवलेल्या त्या तिकिटावर बहिणीचे आडनाव नेमके त्याच चुकीसह छापलेले आहे, जी चूक आपण संदेशात टाइप करताना केली होती. तपास अधिकाऱ्याला ते तिकीट आणि तो संदेश शेजारी ठेवून दाखवा. तिकीट कुठल्याही आरक्षण यंत्रणेतून निघालेले नाही, हे समजायला तेवढे पुरे आहे.

बँकेविषयी मात्र आपली निराशा करावी लागते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देते ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत. आपण स्वतः पिन टाकून, समोरच्यावर विश्वास ठेवून पैसे पाठवलेत, त्यामुळे बँकेने ते भरून द्यावेत असा आग्रह टिकणार नाही. पहिल्या २४,८०० रुपयांची आशा आरोपी पकडले जाण्यावर आहे, आणि ती फार धरू नये असेच मी म्हणेन. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे अधिकृत आरक्षण आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा या संकेतस्थळावरच होते, आणि त्याआधी उत्तराखंड शासनाकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर हे तिकीट कोणीही देत नाही.

प्रश्न : मी राजेंद्र नगरात राहतो. मुंबईतील एका संगीत कार्यक्रमाची दोन तिकिटे एका संकेतस्थळावरून क्रेडिट कार्डाने ११,६०० रुपयांना घेतली. तिकिटे आलीच नाहीत आणि आता ते संकेतस्थळही उघडत नाही. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ अशी तक्रार मी बँकेच्या अ‍ॅपवर नोंदवली. ओटीपी टाकलेला आहे असे कळवून बँकेने ती फेटाळली. आता काही मार्ग उरला आहे का?

उत्तर : मार्ग आहे, पण आपण तक्रारीसाठी चुकीचा रकाना निवडलात. व्यवहार आपण केला होता. मिळाली नाही ती सेवा. पहिल्या कारणासाठी बँक ओटीपीची नोंद पाहते आणि ती आपल्या विरुद्ध जाते. दुसऱ्या कारणासाठी ओटीपीचा प्रश्नच येत नाही. तिथे विक्रेत्याने तिकिटे दिली होती की नाही एवढेच पाहिले जाते, आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्या बँकेमार्फत त्याच्यावर येतो. अशा कारणाने कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याला चार्जबॅक म्हणतात. यूपीआयने पैसे पाठवणाऱ्यापेक्षा कार्डाने पैसे देणारा अधिक सुरक्षित असतो तो यामुळेच, आणि तरीही आपल्याकडे अनोळखी संकेतस्थळावर लोक मुकाट्याने क्यूआर कोड स्कॅन करतात.

बँकेला नव्याने लेखी कळवा की आधीची तक्रार चुकीच्या कारणाखाली नोंदली गेली असून, पैसे भरूनही सेवा न मिळाल्यामुळे आपण चार्जबॅक मागत आहात. सोबत पैसे भरल्याची ईमेल पावती, कार्यक्रमाची तारीख दिसणारा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याला पाठवलेले, उत्तर न आलेले ईमेल जोडा. कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. बँका प्रत्यक्षात त्याहून कमी दिवस सांगतात, म्हणून या आठवड्यातच हे पत्र द्या. बिलातील रकमेला हरकत घेतल्यास कार्ड देणाऱ्या बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाकीचे बिल वेळेवर भरत राहा. या वादापायी सगळे बिल थकवले तर व्याज आणि पतनोंद या दोन्ही बाजूंनी नुकसान होते.

प्रश्न : रेल्वेचे प्रतीक्षायादीतले ई-तिकीट रद्द झाले, पण परतावा आला नाही, म्हणून माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांनी इंटरनेटवरून कस्टमर केअरचा क्रमांक शोधला. पलीकडच्या माणसाने त्यांना मोबाइलचा पडदा दिसणारे अ‍ॅप घ्यायला लावले. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी २०,००० गेले. वडिलांनी १ वाजून ४० मिनिटांनी बँकेला फोन केला, तरी २ वाजून ५ मिनिटांनी आणखी २९,००० गेले. निष्काळजीपणा तुमचाच, असे बँक म्हणते.

उत्तर : बँकेने दोन्ही व्यवहार एका पारड्यात टाकले आहेत, आपण ते वेगळे काढा. उपरोक्त २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंतच त्याच्यावर असते. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. तेव्हा वडिलांची चूक पूर्णपणे मान्य केली तरी २९,००० रुपये बँकेने द्यायला हवेत, आणि सगळा दावा त्या १ वाजून ४० मिनिटांच्या फोनवर उभा आहे. मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉलचा तपशील घ्या आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक त्याच्याशी जुळवा. फोन उचलणाऱ्याने क्रमांक दिला नसेल तर तेही पत्रात लिहा. पहिल्या २०,००० बाबतही, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे हे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. पण जोर दुसऱ्या रकमेवर ठेवा.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र देऊन ३० दिवसांत समाधान झाले नाही, किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तीही ऑनलाइन होते आणि त्यासाठी वकील लागत नाही. शाखेत दिलेल्या पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका, कारण हे ३० दिवस त्या पोचेवरूनच मोजले जातील.

राहिला मूळ परतावा. पूर्णपणे प्रतीक्षायादीत राहिलेले ई-तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) तयार झाल्यावर आपोआप रद्द होते आणि पैसे ज्या खात्यातून भरले असतील त्याच खात्यात परत येतात. त्यासाठी कोणालाही फोन करावा लागत नाही. चौकशी करायचीच असेल तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

प्रश्न : माझी तक्रार प्रलंबित असताना ‘सायबर विभागातून बोलतो’ असे सांगणाऱ्याचा फोन आला. माझा तक्रार क्रमांक आणि रक्कम त्याला माहीत होती. रकमेच्या १० टक्के शुल्क भरल्यास पैसे सुटतील, असे तो म्हणतो. भरावे का? (तिलक नगर)

उत्तर : एक रुपयाही भरू नका. रोखलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलीस, बँक किंवा १९३० यांपैकी कोणीही शुल्क घेत नाही. फसलेल्यांची नावे आणि रकमा ज्यांच्याकडे असतात त्यांत पहिल्यांदा फसवणारेही आले, त्यामुळे त्याला तपशील माहीत आहे यावरून तो सरकारी माणूस ठरत नाही. आपण समाजमाध्यमांवर मदत मागताना तक्रारीच्या पावतीचा फोटो टाकला होता का, हेही पाहा. टाकला असेल तर तो आजच काढा. त्या फोनचा क्रमांक, वेळ आणि त्याने पैसे भरायला दिलेला यूपीआय पत्ता मूळ तक्रारीच्या तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, कारण नव्या पत्त्यामागचे खाते आणि आपले जुने पैसे गेलेले खाते यांचा धागा जुळण्याची शक्यता असते.