टार्गेट शूटिंगसाठी लांब नळीचं पिस्तूल कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की नागपुरात राहून टार्गेट शूटिंग सुरू करायचंय, पिस्तूल लांब नळीचंच हवंय, तर किती इंची घ्यावं, आणि .22 (दारूच्या गोळीचं) घ्यावं की एअर (दाबलेल्या हवेने छर्रा मारणारं). दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिला बराचसा आपोआप सुटेल. एअर घ्या, 10 मीटरचं. आणि इंच तूर्तास विसरा.

पिस्तुलाची नळी किती लांब हे आपण ठरवत नाही, इव्हेंट ठरवतो. 25 मीटर पिस्तूल, म्हणजे राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकलं तो प्रकार, त्यात नळी 153 मिलिमीटरच्या वर चालतच नाही. जेमतेम सहा इंच. अख्खं पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या डब्यात बसावं लागतं आणि स्पर्धेआधी ते खरोखर डब्यात घालून बघतात. हौसेने दहा इंची .22 घेऊन गेलात तर त्या टेबलावरूनच घरी.

खरं लांब नळीचं .22 म्हणजे फ्री पिस्तूल, 50 मीटरचं. त्यात नळीच्या लांबीला बंधन नाही, ट्रिगरच्या वजनाला नाही, आणि लाकडी ग्रिप पंजाभोवती अशी गुंडाळलेली असते की हात घातल्यावर तो बाहेर कसा काढायचा असा प्रश्न पडावा. फार देखणा प्रकार. जितू रायने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत यातच सुवर्ण मिळवलं. पण 2016 च्या रिओनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. राष्ट्रीय स्पर्धेत अजून आहे, मात्र नवशिक्याने तिथून सुरुवात करावी असं मला अजिबात वाटत नाही. त्याला 50 मीटरची रेंज लागते, गोळ्या लागतात आणि आधी परवाना लागतो.

परवान्याचं थोडक्यात: .22 हे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली अग्निशस्त्र आहे. नागपूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण हद्दीत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. खेळाडू म्हणून अर्ज करायचा तर हातात स्पर्धेचे गुण असलेले बरे, आणि ते गुण तुम्ही 10 मीटरवरच मिळवणार. उलट 4.5 मिलिमीटरची, म्हणजे .177 ची, 20 जूलपर्यंतच्या ऊर्जेची एअर पिस्तूल 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून मोकळी आहे. ओळखीचा पुरावा देऊन रीतसर दुकानातून घ्या आणि नेताना-आणताना पेटीतच ठेवा. परवाना लागत नाही याचा अर्थ सीताबर्डीच्या गर्दीत हातात धरून फिरावं असा नाही, भाऊ.

आता लांबीकडे येऊ, कारण तुमचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त नेम जरा बाजूला लागलाय. लांब नळीने नेम चांगला बसतो असं जे ऐकलंय ते नळीमुळे नसतं. पुढची साइट आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणा, यांच्यातल्या अंतरामुळे असतं. त्याला साइट रेडियस म्हणतात. हिशेब सोपा आहे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध हवी, ती अर्धा मिलिमीटर सरकली असं धरा. साइट रेडियस 300 मिलिमीटर असेल तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 17 मिलिमीटर बाजूला पडतो. 360 असेल तर सुमारे 14. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं, नऊचं 27.5 चं. म्हणजे तीच चूक पहिल्या पिस्तुलात आठ देईल, दुसऱ्यात रेषेला टेकून नऊ. साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये हा फरक कुठे नेतो ते तुम्हीच मोजा.

पण याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे आणि ती जास्त कामाची. साइट्स एका रेषेत नीट असतील आणि हात मात्र पाच मिलिमीटर डुलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाच! हात हलण्याची भीती सगळ्यांना असते, साइट तिरकी होण्याची कोणालाच नसते, आणि गुण खाते ती तिरकी साइट. म्हणून नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, नव्हे धूसरच दिसायला हवं. हे अंगात मुरलं नाही तर लांब पिस्तूल फायद्याऐवजी तोटा करतं. साइट रेडियस वाढला की बारीक चूकही डोळ्याला ठळक दिसते, नवा माणूस ती दुरुस्त करत बसतो आणि शेवटी साइट बरोबर आली रे आली की ट्रिगर झटकन ओढतो. झटका बसला की सगळं गणित पाण्यात.

लांबीची किंमत मनगटही मोजतं. वजन पुढे गेलं की पिस्तूल नाकावर झुकतं. पाचव्या गोळीला ते जाणवत नाही, पन्नासाव्या गोळीला खांद्यापर्यंत चढतं. नियमात 10 मीटरच्या पिस्तुलाला 1500 ग्रॅमपर्यंत मुभा आहे, तरी चांगली मॅच पिस्तुलं किलोच्या आसपासच असतात. मोरिनी, स्टायर, फाइनवेर्कबाऊ या कंपन्या नेहमीच्या मॉडेलसोबत आखूड मॉडेलही बनवतात, ते याचसाठी. बारीक मनगटाच्या मुलामुलींना मी आधी आखूड हातात द्यायला सांगतो. तुम्ही धडधाकट असाल तर नेहमीची लांबी घ्या. 10 मीटरला डबा 420 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे मॅचसाठी म्हणून बनलेलं कुठलंही पिस्तूल त्यात बसतंच. आणखी लांब शोधण्यात अर्थ नाही. लांब नळीत छर्रा किंचित जास्त वेळ राहतो, तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

माझ्या मते खरी निवड ग्रिपची आहे. न बसणारी ग्रिप म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल, चालता येतं पण लक्ष पायातच राहतं. ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात येते, डावी-उजवी वेगळी, आणि खालचा तळव्याचा टेकू वरखाली करता येतो. दुकानात किंवा क्लबात एक चाचणी करा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून सुरक्षित दिशेला उभे राहा, डोळे मिटा, हात सावकाश वर आणा, मनगट घट्ट करा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडे दिसते, दर वेळी उजवीकडे दिसते, तर ग्रिप घासून-भरून घ्यावी लागेल किंवा माप बदलावं लागेल. लाकूड घासायला घाबरू नका. आमच्यातल्या जुन्या नेमबाजांच्या ग्रिपा बघाल तर सुतारकाम आणि पुट्टीचे थर सगळीकडे दिसतील.

ट्रिगर नियमाने किमान 500 ग्रॅमचा लागतो. मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. इलेक्ट्रॉनिकचा ओढा फार स्वच्छ असतो, नाकारत नाही. पण त्यात बॅटरी आहे, सर्किट आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 गुणांसह ती बारावी राहिली, अंतिम फेरी हुकली. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य घेतलं, तो भाग वेगळा. दुरुस्ती जवळ होत नसेल तर पहिलं पिस्तूल मेकॅनिकल घ्यावं, असं माझं मत.

आता आपल्या उन्हाचं. मॅच पिस्तुलात 200 बारच्या दाबाने हवा भरलेला सिलिंडर असतो. नवतप्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिक्कीत तो ठेवून जेवायला जाऊ नका. पिस्तूल सोबत वर न्या. घरी सराव करताना तोंडासमोर कूलर नको, घामाचा हात आणि ओली हवा यांत लाकडी ग्रिप फुगते आणि पकड रोज वेगळी लागते. घरचा सराव म्हणजे ड्राय फायर: छर्रा नाही, समोर कोरी पांढरी भिंत, फक्त साइट आणि ट्रिगर. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. यात छर्ऱ्याचा पैसाही जात नाही.

पैशाचं म्हणाल तर नवीन परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं. म्हणून लगेच घेऊच नका. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात आणि शहरातल्या रायफल क्लबांत चौकशी करा, जिथे 10 मीटरची सोय आणि शिकवणारा माणूस मिळेल तिथे दोन-तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. त्या काळात वेगवेगळी पिस्तुलं हाताळायला मिळतील. तरी खिशाला झेपत नसेल तर स्वस्तातलं स्प्रिंगचं पिस्तूल घेण्यापेक्षा एका दट्ट्यात हवा भरणारं जुनं मॉडेल बघा. रशियन बैकल इझ-46एम मिळालं तर सोडू नका. तुमची लांब नळीची हौसही त्यात भागेल, आणि सिलिंडरची कटकटच नाही.

वापरलेलं मॅच पिस्तूल मिळत असेल तर आणखी चांगलं, फक्त सिलिंडरवरची तारीख वाचा. साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. तारीख गेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत विचारून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करा. सोबत मूळ बिल, भरण्याचा अडॅप्टर आणि ॲलन चाव्या मागायला विसरू नका. अडॅप्टर कंपनीनुसार वेगळा असू शकतो, तो नसला तर क्लबच्या टाकीवरून हवा भरता येणार नाही.