मथळ्यातली फट

प्रिय नवोदित उपसंपादकास,
अनेक आशीर्वाद.

दिवसभर राबून तयार केलेल्या बातमीकडे कोणी फिरकत नाही आणि ‘पुढे जे घडले ते वाचून थक्क व्हाल’ अशा मथळ्यावर मात्र झुंबड उडते, हे पाहून तुझ्या मनात वाचकाविषयीच अढी बसलेली दिसते. ती आधी काढून टाक. अशा मथळ्यावर बोट ठेवणारा माणूस उथळ असतो असे मला वाटत नाही. मनाचा जो गुण त्याला एरवी शिकायला लावतो, त्याच गुणाला तो मथळा हात घालत असतो.

मानवी वर्तनाचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची मांडणी अशी केली की, आपल्याला ठाऊक आहे ते आणि जाणून घ्यावेसे वाटते ते, यांच्यातली फट एकदा लक्षात आली की ती खुपू लागते, आणि ती बुजवण्याची ओढ म्हणजेच कुतूहल. त्यांनी वर्णिलेल्या एका प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर चौकोनांची जाळी होती. काही जणांना प्रत्येक चौकोनामागे निराळा प्राणी दिसे, तर काहींना सगळे चौकोन मिळून एकाच प्राण्याचे मोठे चित्र. या दुसऱ्या गटातले लोक अधिक चौकोन उघडत गेले, कारण एक तुकडा हाती लागल्यावर उरलेले चित्र त्यांना स्वस्थ बसू देईना.

यातला ‘एक तुकडा हाती लागल्यावर’ हा भाग तू नीट लक्षात घे, कारण आपल्या व्यवसायात नेमका तोच विसरला जातो. ज्या विषयाची काहीच कल्पना नाही त्याविषयी माणसाला फट जाणवतच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूविषयक अभ्यासात, उत्तर अर्धवट ठाऊक असल्यासारखे वाटणाऱ्या प्रश्नांबाबत कुतूहल सर्वाधिक आढळले. शिवाय ज्या उत्तरांची उत्सुकता अधिक होती, ती पुढे अधिक चांगली लक्षातही राहिली. तेव्हा सगळे झाकून ठेवणे ही मथळ्याची कला नव्हे. ‘‘या’ सवयीबाबत संशोधकांचा धक्कादायक खुलासा’ यातले अवतरणचिन्हातले ‘या’ वाचकाला काहीच देत नाही, फक्त अडवून धरते. ‘झोप कमी झाली की भूक का वाढते?’ हा मथळा निम्मी गोष्ट सांगून टाकतो आणि कारणासाठी वाचकाला आत बोलावतो. ‘काय’ ते सांगून टाकावे आणि ‘का’ व ‘कसे’ यांच्या बळावर वाचकाला आत न्यावे, असे माझे मत अनेक वर्षांच्या कामानंतर बनले आहे.

भीती आणि संताप यांचे आकर्षण मी नाकारत नाही. अपवर्दी या संकेतस्थळाने एकाच मजकुराला वेगवेगळे मथळे देऊन केलेल्या चाचण्यांतील सुमारे १,०५,००० मथळ्यांचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिक होण्याचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. संकटाची चाहूल आधी घेणे हा जिवंत राहण्याचाच भाग असल्यामुळे मन तिकडे आधी वळते. परंतु ती चाचणी क्लिक मोजते. वाचून उठलेल्या माणसाच्या मनात काय उरले, हे ती मोजत नाही.

ते काय उरते, हे मला एका चुकीने शिकवले. एका नेहमीच्या औषधाविषयीच्या बातमीला मी ‘हे औषध हृदयाला घातक?’ असा मथळा दिला होता. विशिष्ट आजार असलेल्या मोजक्या रुग्णांपुरताच धोका आहे, हे आत सविस्तर लिहिले होते आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह असल्यामुळे आपण खोटे बोललो नाही, अशी माझी समजूत होती. नंतर एका वाचक बाईंचे पत्र आले की, तो मथळा पाहून त्यांच्या वडिलांनी गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांनी बातमी उघडलीच नव्हती. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. फेसबुकवरील कोट्यवधी नोंदींचा जो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुवे पाठवणाऱ्याने उघडलेच नसल्याचे आढळले. इतक्या लोकांसाठी मथळा हीच संपूर्ण बातमी असते. बातमी पूर्ण वाचणाराही यातून सुटत नाही: दिशाभूल करणारा मथळा वाचकाच्या स्मरणाला आणि निष्कर्षाला वळण लावतो, असे मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगांत दिसून आले आहे.

म्हणून एक सवय लावून घे. मथळा लिहिल्यावर त्याखाली, तो जागवत असलेल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिही. ते उत्तर बातमीत नसेल तर मथळा मोडून टाक. उत्तर इतके क्षुल्लक असेल की वाचकाला फसवल्यासारखे वाटावे, तर ते मथळ्यातच घाल आणि मग आत वाचण्याजोगे काय उरते ते पाहा. काहीच उरत नसेल, तर दोष मथळ्याचा नाही, बातमीवरच अजून काम व्हायला हवे.

पुढच्या पत्रासोबत तुझे या आठवड्यातले पाच मथळे, प्रत्येकाखाली त्याचे उत्तर लिहून, मला पाठव. ज्याचे उत्तर लिहिताना अडखळायला होईल, तो सर्वांत वर ठेव. आपण त्यापासूनच सुरुवात करू.

तुझी,
एक जुनी सहकारी